जर्मनी, मार्गे इंग्रजी

परदेशात गेलेल्या मराठी माणसाची फजिती हा आपल्याकडे गप्पांचा हमखास चालणारा विषय आहे. लग्नाची पंगत असो, गणपतीचा मांडव असो की दिवाळीचा फराळ, कोणीतरी ‘तिकडून’ आलेला असतोच आणि त्याच्या पोतडीत असे दोन-चार किस्से असतात. ऐकणारे पोट धरून हसतात, सांगणाराही हसतो. आजवर हे हसणे परवडणारे होते. जाणारा बहुधा इंजिनियर किंवा डॉक्टर, जाण्याचे ठिकाण अमेरिका नाही तर इंग्लंड, आणि तिथली भाषा शाळेपासून ओळखीची. चुकलाच तर चारचौघांत थोडी शोभा व्हायची. पोटापाण्याला धक्का लागत नसे.

आता जाणारा माणूस बदलतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला १० हजार तरुण-तरुणी पाठवावेत असे योजले गेले. त्यांत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, हॉटेलातले कर्मचारी असे सारे धरलेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्या देशात म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांची काळजी घेणारे हात कमी पडताहेत. आपल्याकडे हात रिकामे आहेत. व्यवहार दोघांच्या सोयीचा आहे.

मध्ये उभी आहे ती भाषा. ‘ए वन’पासून ‘सी टू’पर्यंत युरोपने भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या आहेत. परिचारिका म्हणून तिथे मान्यता हवी असेल तर साधारणपणे ‘बी टू’, म्हणजे चौथी पायरी चढावी लागते. त्यासाठी गावाकडची मुलगी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहते, वर्गाची फी भरते, घरचे कर्ज काढतात. भाषेत अडखळणे ही तिच्या दृष्टीने गमतीची गोष्ट राहत नाही. तिला हप्त्याची तारीख दिसत असते.

स्टुटगार्टजवळच्या एका गावात माझी मुलगी राहते. तिच्याकडे दोन वेळा मिळून पाचेक महिने काढले. तेवढ्या काळात तिथल्या मराठी मंडळींकडून फजितीचे इतके किस्से ऐकले की कादंबरीकाराच्या सवयीने ते वहीत उतरवत गेलो. पुढे वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. यांतल्या निम्म्याअधिक फजित्यांत दोष जर्मनचा नव्हता आणि मराठीचाही नव्हता. आमची माणसे जर्मनला निघाली होती ती इंग्रजीमार्गे, आणि एस. टी. उलटली होती ती त्या मधल्या वळणावर.

अडीच आणि ‘हाल्प द्राय’

सांगलीकडच्या एका तरुणाला घरमालकिणीने खोली पाहायला ‘हाल्प आख्ट’ला बोलावले. ‘हाल्प’ म्हणजे हाफ, ‘आख्ट’ म्हणजे आठ. त्याने मनात ‘हाफ पास्ट एट’ असा हिशेब केला आणि वेळ पाळल्याच्या आनंदात बरोबर साडेआठला जाऊन घंटी वाजवली. जर्मनमध्ये हाल्प आख्ट म्हणजे साडेसात. सात तास झाले, आठवा अर्धा झाला, असा तो हिशेब आहे. बाईंनी आठपर्यंत वाट पाहिली आणि खोली दुसऱ्याला दिली. ज्या शहरांत भाड्याची खोली मिळणे हे नोकरी मिळण्याहून अवघड, तिथे या एका तासाची किंमत दोन महिने मित्राच्या सोफ्यावर झोपून चुकवावी लागली.

गंमत अशी की हा हिशेब मराठीच्या रक्तात आहे. आपला ‘अडीच’ आला कुठून? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. जर्मन माणूस अडीच वाजले की ‘हाल्प द्राय’ म्हणतो. ‘द्राय’ म्हणजे तीन, शब्दशः अर्धतृतीयच! ‘औट घटकेचे राज्य’ यातला औट म्हणजे साडेतीन, तो ‘अर्धचतुर्थ’वरून आला. दीडसाठी इंग्रजीत एक सुटा शब्द नाही. जर्मनमध्ये ‘आंडरटहाल्प’ आहे आणि त्याचा अर्थ ‘दुसरा अर्धा’. साडेसातपाशी मराठीची वाट वेगळी होते हे खरे. पण ज्याला अडीचचे पोट उघडून दाखवले आहे त्याला हाल्प आख्ट समजावायला दोन मिनिटे पुरतात. वर्गात हे कोणी दाखवत नाही, कारण वर्गात अडीच नसतोच. तिथे ‘टू थर्टी’ असते.

आकड्यांचेही तसेच. जर्मनमध्ये एकवीसला ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिग’ म्हणतात, म्हणजे आधी एक, मग वीस. चोपन्न म्हणजे ‘फीअर-उंड-फ्युन्फत्सिग’, आधी चार, मग पन्नास. ‘फिफ्टी फोर’वर वाढलेला मुलगा ऐकता ऐकता आधी ४ लिहितो, पुढे ५ लिहितो आणि ५४ चे ४५ होतात. फोन नंबर चुकतो, खोली क्रमांक चुकतो, औषधाचे माप चुकू शकते. मी उभी हयात बँकेत काढली. संध्याकाळी दिवसाचा मेळ बसेना आणि फरकाच्या रकमेला नऊने नि:शेष भाग गेला, की आम्ही जुनी माणसे म्हणायचो, ‘कुठेतरी आकडे उलटे पडलेत, शोधा.’ जर्मनीतल्या भारतीयांच्या निम्म्या चुकलेल्या आकड्यांना नऊने भाग जाईल!

आणि चोपन्न म्हणणारा? त्याच्या कानावर लहानपणापासून आधी ‘चो’ आणि मग ‘पन्न’ पडले आहे. तरीही तो निमूटपणे आधी पाच आणि मग चार लिहायला शिकला आहे. जी कसरत इंग्रजी माध्यमाच्या मुलाला पंचविशीत शिकावी लागते ती मराठी शाळेतल्या मुलाने दुसरीतच केलेली असते. तीही सोपी नसते, हे कबूल करायला हवे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी, लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे ओझे होते, अशी तिची बाजू मांडली होती. तिकडे जर्मनीत बोखूमचे गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्झेन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये एक संस्थाच निघाली. तिचे नाव ‘त्स्वान्त्सिग आइन्स’, म्हणजे ‘वीस एक’. हजारो मैलांवरच्या दोन समाजांत एकाच आकड्यावरून एकच भांडण व्हावे, याहून घरोब्याचा पुरावा कोणता?

‘मला’ची करामत

या घरोब्याची जाण विद्वानांना फार पूर्वी आली. फ्रान्त्स बॉप या जर्मन पंडिताने १८१६ मध्ये संस्कृतच्या क्रियापदांची रूपे ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या भाषांशी ताडून पाहिली आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला. ऋग्वेद छापून काढणाऱ्या माक्स म्युलरने तर भारतात पाऊलही टाकले नाही. त्याच्या नावाच्या भवनात मात्र आपली मुले जर्मन शिकतात.

पण ग्रंथातली गोष्ट थंडीत कुडकुडताना कामी येते का? येते. आपण म्हणतो, ‘मला थंडी वाजते’, ‘मला गरम होतेय’. मी थंड नाही. थंडी मला होते. जर्मन माणूस ‘मीअर इस्ट काल्ट’ म्हणतो. ‘मीअर’ म्हणजे मला. मराठीचीच चतुर्थी! इंग्रजीतून येणारा मात्र ‘आय अ‍ॅम हॉट’चे ‘इश बिन हाइस’ करतो आणि भर उन्हाळ्यात, कचेरीत, बायकांच्या घोळक्यात असे काही बोलून जातो की त्याचा अर्थ या पानावर छापता येणार नाही. तसेच पोट भरल्याचे. जेवायला बोलावलेल्या एका पाहुण्याने यजमानाच्या आग्रहाला ‘आय अ‍ॅम फुल’च्या चालीवर ‘इश बिन फोल’ असे उत्तर दिले. त्याचा अर्थ ‘मी तर्र झालोय’. यजमानांनी त्याच्या पुढ्यातल्या सफरचंदाच्या रसाकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा जग पुढे सरकवला.

शब्दांचे सापळेही बहुतेक इंग्रजीनेच लावलेले. एका मुलीने मुलाखतीत ‘मला परिचारिका व्हायचे आहे’ हे सांगायला इंग्रजी ‘बिकम’सारखे दिसणारे ‘बेकोमेन’ वापरले. बेकोमेन म्हणजे मिळणे. समोरच्यांना कळले ते असे, की या मुलीला एक परिचारिका हवी आहे. आणखी एक काकू, सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेल्या. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंपुढे चकलीचा डबा धरून हसतमुखाने सांगितले, ‘गिफ्ट, गिफ्ट!’ जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. सून मध्ये पडली म्हणून चकल्या सत्कारणी लागल्या.

लिंगाबद्दल तर काय सांगावे! मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहिला, जर्मन शिकला, आणि १८८० च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने या भाषेची मनसोक्त टवाळी केली. मुलीला नपुंसकलिंग का, हा त्याचा एक मोठा आक्षेप. जर्मन ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, आणि ती व्याकरणात नपुंसकलिंगी. अमेरिकन माणसाला हे विनोदी वाटणार. पण ‘ते पोर कुठे गेलं?’ असे दिवसातून चारदा विचारणाऱ्या मराठी आईला त्यात हसण्यासारखे काय दिसणार? चमचा आणि चंद्र दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहेत, सूर्य मात्र तिकडे स्त्रीलिंगी आहे. तेव्हा पाठांतर चुकत नाही. पण निर्जीव वस्तूला लिंग असते ही कल्पनाच ज्याला नवी, त्याच्यापेक्षा आपला विद्यार्थी एक इयत्ता पुढे असतो. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जाते, याचे त्याला नवल वाटत नाही. अनोळखी वडीलधाऱ्याला ‘डू’ म्हणायचे नाही, ‘झी’ म्हणायचे, हेही त्याला शिकवावे लागत नाही. फक्त ‘तू’ आणि ‘आपण’ यांची आठवण द्यावी लागते. ‘यू’च्या एकाच काठीने सगळ्यांना हाकणारा तिथे अडखळतो.

‘येतो’ म्हणून गेलेला माणूस

इथवर वाचून कोणाचा अभिमान फुगला असेल तर थोडी हवा काढतो. मराठीचे व्याकरण जर्मनीत मदतीला येते. मराठी रीत तशी येईलच असे नाही.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले. एक तरुण कामावरून निघताना सवयीने ‘इश कोमे’ म्हणाला, म्हणजे ‘मी येतो’, आणि घरी गेला. सोबतचा गृहस्थ अर्धा तास दिवे चालू ठेवून बसला. चहा पुढे आला की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’, आणि तिसऱ्यांदा कप घ्यायचा, हा आपला शिष्टाचार. तिथे पहिले ‘नको’ हेच शेवटचे. त्याहून अवघड म्हणजे, काही देऊ केल्यावर नुसते ‘डांके’, म्हणजे आभार, म्हटले तरी त्याचा अर्थ नकोच. हवे असेल तर ‘बिटे’ म्हणायचे. आभार मानून उपाशी राहिलेले कितीतरी जण मला भेटले. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर अपशकुन समजतात, आणि वाढदिवस ज्याचा त्यानेच केक आणायचा. दुपारी ऑफिसच्या जिन्यात कोणी ‘माल्त्साइट’ म्हणाला तर तो डबा मागत नसतो; जेवणवेळेचा तो रामराम असतो.

श्वाबेन भागात ‘केअरवोखे’ नावाची एक प्रथा आहे. जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे जाते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला तशी पाटी अडकवतात. नव्याने राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याच्या दाराला अशी पाटी लागली. दिवस दिवाळीचे होते. शेजाऱ्यांनी प्रेमाने काही शुभचिन्ह लावले असावे असे समजून त्यांनी पाटीभोवती झेंडूच्या कागदी फुलांची माळ घातली. तीन आठवडे जिना झाडला गेला नाही आणि पाटी मात्र सजत राहिली. चौथ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी केरसुणी घेऊन वर आल्या. त्यांनी झाडायचे कसे ते दाखवले, माळ कौतुकाने पाहिली, आणि पुढे दोन्ही घरांचे चांगले जमले.

पाय कुठून सुरू होतो?

या सगळ्यांत एका फजितीला मात्र हसू येत नाही. ती म्हणजे न समजता ‘हो’ म्हणण्याची. वरिष्ठाने ‘समजले ना?’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे. मान हलवून मोकळे व्हायचे आणि मग शेजारच्याला विचारायचे, ही आपली शाळेपासूनची रीत. जर्मन मेट्रनच्या दृष्टीने ‘या’ म्हणजे या. ती निघून जाते, आणि रुग्णाची जबाबदारी मान हलवणाऱ्या मुलीवर येते. त्यातून स्टुटगार्टकडची बोली ही पुस्तकातली जर्मन नव्हे. पुस्तकात ‘हेबेन’ म्हणजे उचलणे. तिथे ‘हेबेन’ म्हणजे धरून ठेवणे. म्हातारी ‘तेप्पिश’ मागते, परीक्षा पास होऊन आलेली मुलगी जमिनीवरच्या गालिच्याकडे पाहते. बोलीत तेप्पिश म्हणजे पांघरायची घोंगडी. नागपुरात नव्याने आलेल्या पुणेकराला ‘काय करून राहिला?’ ऐकल्यावर जसे होते तसेच, फक्त इथे समोर आजारी माणूस असतो.

आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत लातूरच्या एका परिचारिकेने मला एक हकिगत सांगितली. एक आजोबा ‘फूस, फूस’ म्हणून कण्हत होते. पुस्तकी जर्मनमध्ये फूस म्हणजे पाऊल. इंग्रजी शाळेत शिकून आलेल्या तिच्या मैत्रिणीने तळवे, घोटे, बोटे नीट तपासली, काही नव्हते. लातूरची मुलगी पुढे झाली आणि तिने साधा प्रश्न विचारला, ‘फूस कुठे दुखतो?’ आजोबांनी मांडीवर हात ठेवला. श्वाबेनच्या बोलीत फूस कमरेपासून सुरू होतो. मी विचारले, ‘तुला कसे सुचले?’ ती म्हणाली, ‘काका, आपल्याकडं पाय दुखतो म्हटल्यावर कुठं ते विचारावंच लागतं की!’

या उत्तरात धोरण आखणाऱ्यांसाठी बरेच काही आहे. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत अवघड जागा आली की शिक्षक इंग्रजीचा हात धरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला मग एकाच वेळी दोन परक्या भाषांशी झुंजावे लागते, आणि ‘आपले इंग्रजी कच्चे म्हणून जर्मन जमत नाही’ असा न्यूनगंड त्याच्या मनात घर करतो. ज्याच्याकडे अडीच, चोपन्न, ‘मला थंडी वाजते’ आणि ‘ते पोर’ एवढे भांडवल आहे त्याला रिकाम्या हाताचा ठरवणे, हा कोणत्याही बँकेत चुकीचा ताळेबंद ठरेल. मराठीतून जर्मन शिकवणारी चांगली पुस्तके आणि तसे तयार केलेले शिक्षक, हा खर्च विमानाच्या तिकिटांपुढे किरकोळ आहे. जोडीला तिकडे दोन-चार वर्षे राहून आलेल्यांना वर्गात बोलवावे, म्हणजे केअरवोखे आणि फूस या गोष्टी विमानात बसण्याआधी कळतील. आणि ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून रोज म्हणून घ्यावे. ते मराठीतूनही म्हणायची आपल्या मुलांना सवय नाही.

जर्मनांनाही थोडे शिकावे लागेल. माणसे मागवायची तर त्यांच्या अडखळण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा लागतो. केरसुणी घेऊन वर आलेल्या आजींना ते कळले होते. आणि आपण? आपल्या सोसायटीत रंगकामाला आलेला बिहारचा मुलगा ‘माझी भाऊ आला’ म्हणतो तेव्हा आपण हसतो. हसायला हरकत नाही. पण हसून झाल्यावर ‘माझा भाऊ’ असे सांगणारा त्याला कोणी भेटतो की नाही, हे पाहायला हवे. त्याच वेळी आपली लातूरची मुलगी कुठल्यातरी वॉर्डात उभी असते, आणि तिलाही तसेच कोणीतरी भेटावे, अशी तिचे आईवडील कर्जाच्या कागदावर सही करताना आशा धरून असतात.